तळहात

मार्च होता, पण लाहतीचं तळं अजून गोठलेलंच.
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झटकत ती दोघं आत आली:
रौनो, शनिवारच्या नाचाला बेस वाजवणारा,
आणि त्याची मावशी इर्मेली,
बत्तीस वर्षं प्लायवूडच्या गिरणीत
भूर्जाच्या पापुद्र्यांना सरस लावत आलेली.

मी दोन ॲम्प पुढे ओढले.
एक नवा, तीनशे वॉटचा, दोन बोटांनी उचलावा इतका हलका,
कपाळावर निळा दिवा.
दुसरा कुणीतरी विकायला ठेवलेला,
सव्वीस किलो, मूठ एका बाजूने दोऱ्याने शिवलेली,
कोपऱ्यांच्या पत्र्यावर कुठल्या कुठल्या दारांचे ओरखडे.
मी माझं पाठ केलेलं म्हणू लागलो,
वॉट, ओहम, दोन वर्षांची हमी.

इर्मेलीने कानातलं यंत्र काढलं,
डबीत घातलं, डबी काउंटरवर ठेवली.
मला वाटलं, झालं,
आता हिला काय कळणार.

तिने बोटं मिटून ठोकलं,
गाडगं घेताना ठोकतात तसं,
नव्याच्या कुशीत, पाठीत, मग उलटा करून तळाशी.
रबरी पाय चिमटीत धरून हलवले.
तारेची पिन जिथे खुपसतात तिथला नट
तिच्या नखानेच फिरला.
"भुशाची फळी," ती मोठ्यांदा म्हणाली,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यांदा,
"ओल लागली की पावासारखी फुगेल."

जुन्याची पाठ मला उघडायला लावली.
आत टॉर्च धरून तिने
कापलेल्या कडेवरच्या रेघा मोजल्या,
ओठ हलत होते, अकरा, बारा, तेरा.
तेराला मान डोलावली.
मग टॉर्च परत मागे नेला.
"इथे एक पोकळी राहिलीय. सोमवारची पाळी."

रौनोने सगळ्यात जाड तार मोकळी छेडली.
नव्याने ती अगदी नीट म्हटली,
पहिल्या बाकावरचा मुलगा पाढे म्हणतो तशी.
आवाज चढवला तेव्हा
निळ्या दिव्यापाशी कुठेतरी एक माशी गुणगुणू लागली.
मी शेजारच्या झांजेवर हात दाबला.
झांज गप्पच होती.

जुन्याचं बटण फिरवताना खरखर झाली.
"फवारा मारला की जाते," मी म्हणालो.
नेहमी जात नाही.
मग काही क्षण काहीच आलं नाही, असं मला वाटलं,
आणि पोटऱ्यांना कळलं की
ते मघापासूनच येत होतं,
फळ्यांखालून, कपाटातल्या कपबशा सावध करत.

इर्मेली गुडघ्यांवर बसली.
दोन्ही तळहात खोक्याच्या पाठीला,
डोळे उघडे, माझ्या बुटांकडे.
"वर जा," ती म्हणाली. "अजून. अजून.
थांब."
तिसऱ्या पट्टीवर, त्या एकाच सुराला,
खोकं आपल्या मनाने मोठं होत होतं.
मीही हात लावला. म्हैस श्वास घेते तसं लागलं.
"हा सूर तर प्रत्येक टँगोत असतो," रौनो पुटपुटला.
ते तिला ऐकू गेलं नाही, पण ओठ दिसले.
"मग तिथे बोट हलकं ठेव."

चारशे युरो म्हणालो.
तिने बोटाने आतली जागा दाखवली:
"त्या पोकळीचे वीस कमी कर."
मी केले. हसलो नाही.

दोघांनी उचलून नेला तो, मूठ टाळून, तळाला हात घालून.
मग काउंटरवरून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.
डबी. डबीत यंत्र, चालूच राहिलेलं.
मी तसाच बर्फात धावलो, हाका मारत,
तिच्या नावाने, मग नुसत्याच.
ती व्हॅनला टेकून उभी, पाठमोरी.
शेवटी मी व्हॅनच्या कुशीवर मूठ आपटली.
लगेच वळली.

डबी घेतली, खिशात टाकली, कानात घातली नाही.
मग जिथे मूठ बसली होती तिथे
आपला तळहात फिरवून म्हणाली,
"पत्रा पातळ आहे."