कागद नावेचे

ब्रॉन्स्टनच्या धक्क्यावर त्यानं किल्ली
तळहातावर ठेवली, सोबत बुचाचा गोळा,
म्हणजे पाण्यात पडली तर तरंगेल.
मी विचारलं, माझं लायसन्स नाही बघायचं?
पिकरिंगनं चहाचा मग कठड्यावर टेकवला.
"ते नावेला लागतं, बाई. माणसाला नाही."

रग्बीच्या केंद्रावर तीनदा नापास झालेली मी.
एकदा राउंडअबाउटवर थबकले म्हणून,
एकदा थबकले नाही म्हणून,
तिसऱ्यांदा परीक्षकानं काही न बोलता
पेनाला टोपण लावलं.
या देशात आल्यापासून
प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःला घालून फिरते:
पगाराच्या पावत्या, गॅसचं बिल,
लग्नाचा दाखला, आणि त्या दाखल्याचा
शिक्का मारलेला इंग्रजी अनुवाद.
आणि हा माणूस सत्तावन्न फुटांचं लोखंड
हातात देतोय,
शेजारणीनं वाटीभर विरजण द्यावं तसं.

"दांडा डावीकडे ढकल, नाक उजवीकडे वळेल.
घाई करू नकोस, ती ऐकते, पण उशिरा.
चालत्या माणसाचा वेग.
बांधलेल्या नावांपाशी त्याहून कमी,
नाहीतर आतल्यांचा चहा सांडतो."
एवढीच शिकवणी. वीस मिनिटं.
खिडकीत नावेचा परवाना, तारखेसकट.
गॅसची तपासणी तिची, विमा तिचा.
मी नुसती मागे उभी, वाऱ्यात, बिनकागदाची.

रेवदंड्याला आबांच्या मचव्याचे कागद
बिस्किटांच्या डब्यात असायचे, डबा कणगीत.
बंदरावरचा साहेब आला की डबा निघायचा.
आबांचा स्वतःचा जन्मदाखला कधीच नव्हता.
"मोठ्या उधाणाच्या आदल्या साली," म्हणायचे,
कुठलं उधाण ते कुणी विचारलं नाही.

तो उन्हाळा गेला. ऑक्टोबरात पिकरिंगचा फोन.
विनिफ्रेडच्या नावेवर नोटीस लागलीय.
तिला कायमचा धक्का नाही, म्हणून नियम असा:
एका जागी चौदा दिवस, मग पुढे सरकायचं.
तिचं कंबरेचं हाड नुकतंच बदललेलं,
लेक स्कॉटलंडात, कुत्रा म्हातारा.
अर्ज केला तर मुदत वाढते, पिकरिंग म्हणाला,
पण ती म्हणते, मी कुणापुढे हात पसरणार नाही,
नाव सरकवा.
"तू सरकवशील? मला गुडघा आहे."

तर मी एका बाईचं घर चालवलं.
धुराड्यातून धूर, छपरावर लाकडं,
भोपळा एक, सायकल एक, मोडकी.
नॅप्टनच्या बाजूला, मधे एकही लॉक नाही,
फक्त एक पूल, कमरेइतका अरुंद वाटणारा.
तिथं मी थबकले.
मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.
एक बदक आधी गेलं, मग आम्ही.
कडेचा दगड घासला, थोडासा. विनिफ्रेड
आतून ओरडली, "तो सगळ्यांनाच घासतो!"

फ्लेक्नोजवळ खुंट्या ठोकल्या.
तिसरा घाव माझ्या अंगठ्यावर.
विनिफ्रेड पायरीपर्यंत आली, काठी टेकत,
नव्या खिडकीत तेच शेत दिसतंय का
हे तिनं नीट तपासलं. दुसरं होतं.
"छान," म्हणाली, "त्या मेंढ्यांचा कंटाळा आला होता."
मग स्टोव्हवरच्या कॅलेंडरात
आजच्या तारखेभोवती गोल काढला
आणि चौदा घरं मोजली, बोटानं, ओठ हलवत,
आई चतुर्थीला तारीख शोधायची तसं.

चहा झाला. लोणचं दिलं तिनं, बीटाचं,
बरणी परत आणण्याच्या बोलीवर.
म्हणजे मोजून दोन आठवड्यांनी.
मी काठाकाठानं चालत परतले, अंगठा तोंडात धरून,
आणि ब्रॉन्स्टनला पोचले
येताना लागला त्याहून कमी वेळात.