येंडी केंद्र, पावणेसहा

पहाटे मायक्रोफोनवरची धूळ फुंकून मी बसतो.
हरमटानचे दिवस. तारांवरून, ओठांवरून,
मंत्रालयाच्या कागदावरून
वाळवंट सरकत असतं.
कागद इंग्रजीत. सांगायचा दागबानीत,
ज्या भाषेत आई मला रागावते, त्याच.

'अर्थसाहाय्य' कसंबसं निभावतं.
'स्वयंरोजगार'पाशी गाडी रुतते.
आईला विचारलं. ती शियाच्या बिया भाजत होती.
कढईवरची नजर न काढता म्हणाली,
"म्हणजे दुसऱ्या कुठल्या जातीचा असतो रोजगार?"

मग मीच जुळवून घेतलं, आणि बारा आठवडे म्हणत राहिलो:
"हातावर पोट असलेल्या बायांनो, ऐका.
मंगळवारी बाजारातल्या झाडाखाली
साहेब येतील, नावं लिहून घेतील,
दळायचं यंत्र मिळेल, गटाला एक."
मग ढोलांची तबकडी, मग बातम्या,
मग माझा चहा.

लामिशी आली ती बुधवारी.
नाबुलीहून पायी, गुडघ्यापर्यंत लाल माती.
पहारेकऱ्यानं अडवलं तर त्याला म्हणाली,
त्या आवाजाला भेटायचंय.
मला पाहून जरा हिरमुसली
(आवाज उंच असेल असं वाटलं होतं तिला).

"चार मंगळवार." तिनं बोटं दुमडली.
"सतरा बाया. एकीचं पोर पाठीला तापलेलं,
एकीचा घाणा चुलीवर तसाच.
झाड होतं. सावली होती.
तू म्हणालास ते सगळं होतं,
साहेब सोडून."

मी फाइल काढली.
कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख होती,
मागच्या वर्षीची.
तिथवर मी कधी गेलोच नव्हतो.
वाचायचा मजकूर त्याच्या वरच संपायचा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं कमरेच्या कापडाची गाठ सोडली,
पानात बांधलेला लोण्याचा गोळा टेबलावर ठेवला,
पिवळसर, धुराच्या वासाचा.
मी म्हणालो, अहो, हे कशाला...
"कशाला म्हणजे? आठ सेडी."
दहाची नोट तिनं उजेडाला धरून पाहिली,
दोन सेडी मोजून परत दिले.
मंगळवारांचे काही मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसहा. तोच कागद.
अक्रात कुणी तपासनीस ऐकत असतो म्हणतात.
मी म्हणालो, "हे येंडी केंद्र आहे.
साहेब येणार नाहीत. झाडाखाली बसू नका.
नाबुलीच्या लामिशीकडे शियाचं लोणी आहे,
गोळा आठ सेडी. घासाघीस चालत नाही."

तबकडी लावायची राहून गेली.
नुसती खरखर वाजत होती गावोगाव.
ओठ फुटले होते माझे.
गोळ्यातलं बोटभर लावलं,
आणि बातम्या वाचायला घेतल्या,
तारखेपासून.