दुसरा आवाज

बर्नबास, माझा धाकटा भाऊ,
एका मंगळवारी नाना पेठेतल्या घरी आला
आणि चहाला नको म्हणाला.
केस ओले होते. म्हणाला, आता झालो.
आई म्हणाली, काय झालास?
ख्रिस्ती.

आईनं गॅस बारीक केला.
चौतीस वर्षांपूर्वी तिनंच त्याला
इस्त्रीच्या झबल्यात पाळकापुढे धरला होता.
त्याचा दाखला ट्रंकेत आहे, शाईच्या सहीचा.
ते नुसतं पाणी शिंपडणं होतं, म्हणाला.
पाण्यापाण्यात फरक असतो
हे आम्हाला काय सांगायचं,
आमच्या नळाला ते दिवसाआड येतं.

वडगाव शेरीत हार्डवेअरच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर, सत्तावीस माणसं होती.
जगात तेवढीच.
बाकी आम्ही सगळे, पेठेतले, कॅम्पातले, घोरपडीचे,
घंटावाले, टाळ्यावाले, मेणबत्तीवाले,
दुष्काळात ज्यांनी प्रभू घेतला त्यांची नातवंडं,
आणि त्यापायी ज्यांना पाणवठ्यावरून हाकललं त्यांचीही,
नावापुरते.
हे तो रागानं बोलत नसे.
रागानं बोलता तर भांडता आलं असतं.

नाताळात आईनं करंज्यांचा डबा धाडला.
जसाच्या तसा परत आला, वर चिठ्ठी:
अध्याय, वचन, खाली रेघ.
आईनं चष्मा लावून वाचली,
शास्त्रात त्याच पानावर ठेवून दिली
आणि म्हणाली, अक्षर सुधारलंय त्याचं.

मग त्यानं सलाम बंद केला.
आमच्यात दारात पाऊल पडलं की सलाम,
भांडण झालं तरी सलाम, मयतीच्या घरीही सलाम.
कुणाला करू नये ते लिहून ठेवलंय, म्हणाला.
त्या ओळीत मी बसत होते.

आई गेली तेव्हा आला.
कबरस्तानाच्या गेटबाहेर
रसवंतीच्या पत्र्याखाली उभा राहिला.
आत आमचा पाळक प्रार्थना करत होता,
आणि तिला आमेन म्हणणं त्याला चालणार नव्हतं.
माती देऊन मी बाहेर आले
तर त्याच्याही मुठीत माती,
रस्त्याकडेची, खडी मिसळलेली.
कुठे टाकायची ते त्याला कळत नव्हतं.

सत्तावीसचे तेरा झाले, पेल्यावरून:
एकच असावा की लहान लहान.
तेराचे पाच, द्राक्षरस उकळावा का यावरून.
पाचातलं एक जोडपं दुबईला गेलं.
ब्रदर हनोख वारले.
उरले ते, ज्यांच्या हातांनी तो पाण्याखाली गेला होता.
त्यांना बर्नबासनंच पत्र लिहिलं.
चांगल्या अक्षरात.

गेल्या रविवारी मी न कळवता गेले.
म्हणाला, उपासनेची वेळ आहे, आत बस.
स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.
फटीतून दिसलं: एक खुर्ची, एक पोळी,
एक पेला. त्यावर आता वाद नव्हता.

आणि गायला लागला.
पेठेतल्या गायनमंडळात अकरा वर्षं
बर्नबास दुसरा आवाज गायचा, टेनर.
चाल आईकडे असायची.
त्याला चाल येतच नाही.
दारापलीकडून नुसता तो मधला सूर येत होता,
काहीतरी टेकायला शोधणारा,
मग चार मात्रा गप्प,
जिथे आम्ही बायका एकट्या गायचो.

त्या चार मात्रा मी ओठ मिटून गायले,
कुकरच्या शिट्टीकडे बघत.
पाचवीला तो बरोबर आत आला.
मोजत होता की ऐकत होता, देव जाणे.

निघताना चपलेत पाय घालत होते
तेव्हा मागून काहीतरी म्हणाला.
स-नं सुरू होणारं.
सावकाश, म्हणाला असेल.
जिन्यात दिवा नव्हता.