दीड मिनिट

देवपुरात सकाळी सहाला सहा अंश,
आणि आमचा गॅसगीझर दीड मिनिट चालतो.
मोजलंय मी. मोबाइलवर, तीनदा.
टिक् टिक् टिक्, भप्प,
निळी ओळ, वाफ,
केसांना शिकेकाई लावून होते न होते
तोच आत काहीतरी खट् म्हणतं
आणि पाणी हळूहळू पुन्हा पांझरेचं होतं.

पहिल्या दिवशी सेल बदलले.
दुकानदाराने विचारलं, घड्याळाचे की रिमोटचे?
मी म्हटलं, आंघोळीचे.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर हलवून पाहिला, अर्धा तरी होता.
गारठलाय की काय म्हणून तळाशी कोमट पाणी ओतलं,
आजारी माणसाचे पाय शेकावेत तसं.
रेग्युलेटरला, नळीला, चावीला साबणाचा फेस लावला
आणि मांडी घालून वाट पाहिली.
एकही फुगा आला नाही.
मग पाण्याची जाळी काढली, जुन्या टूथब्रशने घासली,
नकाण्याच्या तलावाची चिमूटभर वाळू तळहातावर आली.
सापडलं!
हा आनंदही
दीड मिनिट टिकला.

हे ब्लँकेटच्या आतून म्हणाले,
सतरा वर्षं झाली त्याला, आता नवा घेऊन टाकू.
सतरा वर्षं या घरात मलाही झाली,
हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

हर्षालीला सातचा क्लास.
तिने हिशेब बसवला:
एका दीड मिनिटात डोकं,
दुसऱ्यात उरलेली हर्षाली.
मधल्या वेळात बाथरूममधून दात वाजल्याचा आवाज,
आणि रसायनशास्त्राची सूत्रं.

मला तीन दिवस आंघोळीनंतर डोकं जड.
थंडीला नावं ठेवली, आलं ठेचलं, चहा प्याले.

मंगळवारी हिलाल आप्पा आले,
लुनाच्या हँडलला हत्यारांची पिशवी,
कानाला मफलर, मफलरमध्ये पेन्सिल.
पिशवी उघडलीच नाही.
नळ सोडला, गीझर पेटवला,
बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले,
डोळे मिटून, कुणाचा तरी श्वास ऐकावा तसे.
मी पान्हा हातात घेऊन दारात उभी.
खट्.

डोळे उघडले ते गीझरकडे नाही,
त्याच्याही वर,
जिथे झरोक्याला मी गेल्या महिन्यात
जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावला होता,
चारी बाजूंनी खाकी टेप मारून,
सोनगीरकडून येणारं वारं अडवायला.
अजून एप्रिलची पौर्णिमा दिसत होती त्यावर.

"हाई कोन्ही लायं?"
मी.
"बिघडेल नही शे हाऊ, ताई.
हवा नही भेटनी ते बंद व्हस.
शहाणा शे."

एवढंच.
आत एक सेन्सर असतो म्हणाले, बोटाच्या पेराएवढा,
कोंडलेली हवा ओळखतो
आणि माणसाला कळायच्या आधी ज्योत विझवतो.
मी तर त्याची जाळी खरवडत होते,
त्याला म्हातारा म्हणत होते,
आणि तो रोज सकाळी
हर्षालीच्या उघड्या पाठीवर
एकदा, दोनदा, तीनदा
खट् म्हणत होता.

पुठ्ठा निघाला तेव्हा टेपबरोबर रंगाचे पोपडे आले.
बर्नरची काजळी त्यांनी ब्रशने झाडली,
ज्योतीची पिवळी टोकं गेली.
ऐंशी रुपये घेतले.
काढून ठेवलेले जुने सेल मागितले,
म्हणाले, ठिणगीला कमी पडतात,
नातवाच्या घड्याळाला वर्षभर पुरतील.

आज पाच मिनिटं झाली, पाणी अजून कढत आहे
आणि माथ्यावर सरळ सोनगीरचं वारं.
खांद्यापर्यंत पौष, खांद्याखाली वैशाख.
मी कुडकुडते आहे आणि भाजते आहे,
डोकं मात्र हलकं.

बाहेरून आवाज येतो,
अगं, झरोका कोणी उघडला? केवढं गार येतंय!

मी नळ आणखी थोडा सोडते.