उसना कान

मगदूम सर सांगून गेले, सकाळीच वाजते फक्त.
इथं आणली की गप्प,
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तशी.
दस्तगीरचाचा म्हणाले, "मग राहू दे तिला वस्तीला."

म्हणून आज साडेसहालाच मी उद्यमनगरात.
भट्ट्या अजून पेटायच्या आहेत,
चहाचा गाडा नुकताच खडखडत कोपऱ्यावर आलेला,
इंडिकाच्या बॉनेटवर दव.
"वेणी," चाचा म्हणाले. रोज म्हणतात.
बेल्टला माणूस ओळखू येत नाही.
वेणी शर्टात खोचली, बांगडी खिशात टाकली,
किल्ली फिरवली.

चिक् चिक् चिक् चिक्

चाचांनी इंजिनाकडं नाही, माझ्याकडं बघितलं.
चाळीस वर्षं घण, ग्राइंडर, सायलेन्सर फुटलेले ट्रक.
कानातली वरची पट्टी केव्हाच झिजून गेली.
घोंगावणं कळतं, गड्याचं बोलणं कळतं.
कुकरची शिट्टी नाही, नातीची हाक नाही,
आणि हे तर नाहीच.
"कसा वाजतोय? सांग."

नुसतं 'आवाज येतोय' म्हटलं
की पाना ठेवून सरळ चहाला जायचे, पहिल्या वर्षी.
तेव्हापासून मी शब्द गोळा करते, नटांसारखे, मापामापाचे.
"रडणं न्हाई चाचा. लांबट न्हाई. तुटक.
चिमणीची पिल्लं घास मागत्यात तसं."
"गॅस दे."
"पिल्लं वाढली."
"दिवं लाव. पंखा लाव."
"तेवढीच हाईत."
"म्हंजे घसरत न्हाई."

झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून
बेल्टच्या आतल्या अंगावर पाण्याची चिळकांडी.
गप्प.
मी मोजत राहिले. अकराला
"आली परत."

मग त्यांनी लांब डायवर घेतला,
टोक डायनामोवर, मूठ कानामागच्या हाडावर,
आणि डोळे मिटले.
इथं त्यांना माझी गरज नसते.
बेअरिंगची घरघर कवटीनं ऐकतात ते,
विहिरीवर ओणवं होऊन पाणी किती खोल ते बघावं तसे.
"बेअरिंग झ्याक हाय. बंद कर."

बेल्ट उलटा करून बघितला. चीर नाही,
घासून आलेली चकाकी नाही. कोवळा अजून.
फक्त एका कडेला धागे सुटलेले,
सणावाराला नेसून नेसून जरीचा काठ सुटतो तसे.
त्यांनी दोन पुल्यांवर पोलादी पट्टी आडवी धरली.
मागून मी बॅटरी.
"उजेड दिसतोय?"
"दिसतोय."
"केवढा?"
"रुपाया सरकंल एवढा."
"वायसर," म्हणाले.

एक वायसर. तेवढ्यापायी पट्टा रोज तिरका धावायचा
आणि गार सकाळी ओरडून सांगायचा,
आणि सगळे म्हणायचे, बेल्ट वाईट.

"डायनामो कुणी बसवला हुता?"

नागपंचमीच्या आदल्या दिवशी. वडणग्याची शेवटची बस.
नट आवळून झाले, ट्रेमध्ये एक वायसर उरलेला.
कशाचा असेल, म्हणून डब्यात टाकला,
हात रॉकेलनं पुसत पळाले.

"मी," म्हणाले. बारीक आवाजात.
त्यांच्यापर्यंत पोचत नाही त्या पट्टीत.
चाचा पुलीकडंच बघत होते, निदान मला तसं वाटलं.
चहा आला. वाफ मधे.
एवढ्यावर सोडता आलं असतं.

"मी चाचा, मी बसवला हुता." पोटातून, गड्यासारखं.
"वरडतीस कशाला? पयल्यांदाच कळलं.
ओठ दिसत्यात की तुझं."

डब्यातले सगळे वायसर मी वर्तमानपत्रावर ओतले.
तो कुठला ते ओळखू आलं नाही. जाडीचा मिळाला, तो घातला.
पट्टी धरली, उजेड गेला.
किल्ली.

चाचा माझ्याकडं बघत राहिले.
मी लगेच मान हलवली नाही.
पंख्याची हवा, डिझेलची थडथड, गाड्यावरच्या स्टोव्हची सूं,
त्याच्या खाली, आणखी खाली शोधलं.
"काय न्हाई," म्हणाले.
"नक्की?"
"नक्की."

"बिलात काय लिहू?"
"काय लिवतीस? वायसर आपलाच," त्यांनी ग्लास उचलला.
"ह्या चहाचं तेवढं तुझ्याकडं."