अडतीस चढाया

फाइलचं नाव: बांदल हर्षल आंतरविभागीय शेवटची.
शेवटची म्हणजे शेवटची नाही,
तिच्याखाली ‘शेवटची नवी’ आणि ‘शेवटची खरी’ आहेत.
लिलाव शनिवारी. घारपुऱ्यांना सगळं एका पानात हवंय,
त्यातल्याही वरच्या चारच ओळी ते वाचतात.

धनकवडीत रात्रीचे दीड.
खालच्या पोळीभाजी केंद्राचं शटर कधीच पडलंय,
जिन्यात अजून तेलाचा वास.
मी आवाज बंद ठेवून बघते, तसं शिकवलंय आम्हाला:
टाळ्या ऐकल्या की पोरगा
आहे त्यापेक्षा वीतभर उंच दिसतो.

चित्रण कुणा मित्राचं. कडेला त्याचा अंगठा.
समोरचा डावा कोपरा अर्धा खांबाआड.
हर्षल मध्यरेषा ओलांडतो, वाकतो,
बोनस रेषेपलीकडे पाय असा टेकवतो
जसं कुणी बादलीतलं पाणी किती कढत ते बघावं.
चांगला आहे.
घोट्याला हात पडला तरी कंबर सोडत नाही,
साखळी अंगावर आली तरी उडीचा मोह नाही.
मी लिहिते: दम उत्तम. घाई नाही.

अकराव्या चढाईला दिसलं.
बाराव्याला वाटलं, भास.
एकविसाव्यापर्यंत चहावर साय धरली
आणि खात्री झाली:
डावीकडे घुसायच्या आधी
तो उजवा तळवा मांडीला पुसतो.
एकदाच, वरून खाली,
दाराशी आल्यावर चावीसाठी खिसा चाचपावा तसा.

मागे नेलं. पाव वेगानं पुढे.
पुसला, डावीकडे.
पुसला, डावीकडे.
नाही पुसला, उजवीकडे.
समोरच्या उजव्या कोपऱ्याला हे कळलं असतं
तर हा पोरगा माझ्या पडद्यावर आलाच नसता.

मी डावा कोपरा खेळायचे. सहा वर्षं,
गुडघा बोलायला लागेपर्यंत.
माझी एकही फाइल नाही.
पकडीआधी मी काय पुसायचे, काय चाचपायचे
हे ज्यांना माहीत होतं त्या आता
कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, एक संगमनेरला शाळेवर.
विचारलं तर हसतात.

लिहिलं तर चार ओळींत हीच पहिली होणार.
घारपुरे बोट ठेवणार
आणि भोरच्या पोराची बोली पायाभूत रकमेवरच बसणार.
नाही लिहिलं तर?
दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाच्या थंड चहापाशी
एकविसावी चढाई आत्ता थांबलेलीच असेल.

अडतिसावी. करो या मरो.
घड्याळात नऊ सेकंद, एका गुणाची पिछाडी.
हर्षल वाकतो.
तळवा मांडीला. वरून खाली.
उजवा कोपरा एक पाऊल आधीच सरकतो,
म्हणजे कुणीतरी ओळखलं होतं,
आणि हर्षल उजवीकडे.
माझ्या जागेवर. खांबाआड.
तिथं काय झालं ते दिसत नाही.
अंगठा थरथरतो, चौकट छताकडे जाते:
पत्रे, एक ट्यूबलाइट,
कैचीत अडकलेलं बॅडमिंटनचं फूल.

मी आवाज चालू केला.
शिट्टी, आणि कुणाचा तरी फाटलेला गळा,
शब्द नाहीत.
गुणपत्रक म्हणतं दोन गुण.
तो घाम होता की डाव, ते गुणपत्रकाला माहीत नाही.

अकरा वेळा बघितली.
बाराव्यांदा शिट्टी वाजली ती कात्रज डेपोतली,
कंडक्टर पहिली बस मागे घेत होता,
आणि मी दचकून थांबवायचं बटण दाबलं.
बस थांबली नाही.

चौथ्या ओळीत लिहिलं:
तळवा पुसतो. सदतीस वेळा खरा.
सवय मोडू नये.

नऊला घारपुऱ्यांचा फोन येईल,
म्हणजे काय, असं विचारायला.