रुमालाखाली

शनिवारी रात्री नऊनंतर मार्केट यार्डात
हमाल गेलेले असतात, तोलकाटा शून्यावर झोपलेला.
आमच्या अडतीच्या मागच्या गाळ्यात
आठ पोती आडवी, त्यांवर प्लायवूड:
तोच डोंगर, तोच किल्ला, तीच नदी.
फासे पुण्याहून कुरिअरनं आले तेव्हा निळे होते.
आता हळदीनं सगळेच पिवळे,
लग्नाला निघाल्यासारखे.

खेळ मी चालवतो. दिवसा दिवाणजी,
रात्री राक्षस, वादळ, धर्मशाळेचा मालक, देव,
लागेल ते.
समोर खत कंपनीचं कॅलेंडर उभं केलेलं,
त्याच्या आड माझे आकडे.

त्या रात्री झुलत्या पुलावर
सन्मती चौगुलेनं वीस बाजूंचा फासा टाकला
आणि एक पडला.
भिंगरी, अकराव्या पातळीची चोरटी,
सव्वा वर्ष सांभाळलेली,
जिच्या खिशात कायम दुसऱ्या कुणाची किल्ली,
पाण्यात गेली.

इलाही म्हणाला, फासा कपाला लागला, परत टाक.
मिरजेत सतारी करतो तो, नखांत भोपळ्याचा भुसा;
तार तुटली की दुसरी चढवायची सवय.
प्रज्ञावंत म्हणाला, पेन्सिलीनंच तर लिहिलंय सगळं.
सन्मतीनं पर्समधून पेन काढलं
आणि भिंगरीच्या नावाखाली तारीख घातली.
औषधाच्या दुकानात असते ती.
मुदत संपलेल्याचं काय करायचं
तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

पुस्तकात दर दिलेला आहे.
हिऱ्याची पूड इतकी, पुजारी अमुक दर्जाचा, वेळ एक तास:
मेलेला उठतो, तोंड पुसतो,
विचारतो, कुठवर आलो आपण?
मला हे कधी पटलं नाही.
ज्याची पावती फाडता येते
त्या मरणाला कोण भिणार?
आणि पावती फाडायचीच नाही म्हटलं, तर पुढच्या शनिवारी
तिच्या रिकाम्या पोत्याकडे
बघणार कोण?

म्हणून मी खांद्यावरचा रुमाल काढला.
वडील जनावरांच्या बाजारात असेच सौदे करायचे.
दोन हात झाकलेले, तोंडानं इकडच्या तिकडच्या गप्पा,
किंमत फक्त बोटांना ठाऊक.
म्हणालो, भिंगरी, तळाशी कुणीतरी बसलंय.
त्याला घाई नाही. हात दे.
एका बोटाला एक आठवण.
गेली की गेली.

तिचा हात आत आला. गार होता.
'आयर्विनला किती फूट आहे रे पाणी?' तिनं विचारलं.
'बावीस,' मी म्हणालो, आणि दोन बोटं दाबली.
थांबलो. आता घासाघीस करेल,
दीडावर आणेल, हात झटकून उठेल,
उठायला हवंच, सौदा आहे.
'कालच्यापेक्षा वाढलंय म्हणायचं,' ती म्हणाली
आणि तिसरं बोट
आपण होऊन माझ्या मुठीत ठेवलं.

एकोणीस वर्षं या यार्डात काढली.
मागितल्याहून जास्त देणारं गिऱ्हाईक
पाहिलं नव्हतं.

भिंगरी काठाला लागली. केसांत शेवाळ.
खिशात किल्ली आहे,
कुठल्या कुलपाची ते मात्र तिला आता सांगता येत नाही.
कितीला सुटली, कितीला सुटली,
दोघांनी डोकं खाल्लं.
ती भडंगातले शेंगदाणे वेचून खात राहिली.

गेटपाशी मी हळूच विचारलं, तिसरं कशाबद्दल?
तिनं स्कूटीला दोन किका मारल्या.
'इलाहीचा भालाईत फार पुढं पुढं करतो.
असू दे जमा.'

तेव्हापासून चार शनिवार झाले.
गुहेच्या तोंडाशी भालाईत उभा आहे, अर्थातच सगळ्यांच्या पुढं.
इलाही मुठीत फासा खुळखुळवतो, फुंकर मारतो,
हळद उडते.
सन्मती माझ्याकडे बघत नाही.
कॅलेंडरामागं मी
एक बोट मिटून बसलेला असतो.